दिवाळीच्या किल्ल्यावर राजासॉरस : घरच्या घरी डायनासोरचं जग उभं करताना

लहान मूल असलेल्या घरात डायनासोर मुद्दाम आणावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. यात्रेतल्या स्टॉलवरून एक, वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टमधून दोन, मामाने पुण्याहून आणलेला बटण दाबलं की ओरडणारा एक. मूल मोठं झालं की सगळे एका पिशवीत जातात आणि पिशवी माळ्यावर. पुढे कधीतरी माळा आवरताना घरातलं मोठं माणूस ती पिशवी उघडतं, एकेक प्राणी हातात घेऊन बघत बसतं, आणि आवरणं राहूनच जातं. हा लेख अशा मोठ्या माणसांसाठी आहे. मुलं सोबत असली तर उत्तमच, नसली तरी काही अडत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पिशवीभर डायनासोर हा नुसता ढीग असतो. एक काळ आणि एक जागा ठरवली की त्याच ढिगातल्या चार प्राण्यांचं जग होतं. मग सिनेमा वेगळा दिसतो, खेळ सुचतो, गोष्टही सुचते. आणि असं जग मातीदगडात उभं करण्याची कला सातारकरांना शिकवावी लागत नाही. दर दिवाळीला आपण अंगणात किल्ला करतोच. तीच कृती इथे कामाला येते.

आधी काळ आणि जागा

डायनासोरांचा काळ तीन भागांत पडतो. ट्रायासिक साधारण २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक २० ते साडेचौदा कोटी आणि क्रिटेशस साडेचौदा ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आकडे पाठ करायची गरज नाही. एवढंच ध्यानात ठेवा की पाठीवर पाकळ्या असलेला स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांच्यात आठेक कोटी वर्षांचं अंतर आहे. टी-रेक्स आणि आपल्यातलं अंतर त्याहून कमी आहे. खेळण्याच्या डब्यावर मात्र दोघे एकमेकांवर धावून जाताना दिसतात. गंमत म्हणून ठीक, पण जग उभं करायचं तर दोघांपैकी एकालाच जागा मिळेल.

तयार जोड्या हव्या असतील तर अशा घ्या. टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, अँकायलोसॉरस हे उत्तर अमेरिकेतले, क्रिटेशसच्या अगदी शेवटचे. स्टेगोसॉरस, ॲलोसॉरस, डिप्लोडोकस हेही उत्तर अमेरिकेतलेच, पण जुरासिकच्या शेवटच्या भागातले. व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेराटॉप्स मंगोलियाच्या गोबी वाळवंटातले. हे दोघे झुंजतानाच गाडले गेले आणि त्याच स्थितीत १९७१ मध्ये सापडले. पंख पसरलेला टेरॅनोडॉन आणि पाण्यातला मोसासॉर पिशवीत असतील तर बाजूला ठेवा, ते डायनासोर नव्हेतच.

पण साताऱ्यात बसून अमेरिकेतलं जंगल का करायचं, हा माझा खरा प्रश्न. अजिंक्यताऱ्याकडे किंवा यवतेश्वरच्या बाजूला नुसतं पाहिलं तरी डोंगराला आडवे पट्टे दिसतात: कडा, मग उतार, पुन्हा कडा. हे लाव्हाचे एकावर एक थर आहेत. दख्खनचा ज्वालामुखी धगधगत होता तो काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे नेमका डायनासोर संपण्याच्या आसपासचा. भूवैज्ञानिक या थरांच्या एका मोठ्या गटाला ‘वाई’चंच नाव देतात आणि त्यातल्या थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्या रोजच्या रस्त्यावरची नावं आहेत. यातले बरेचसे थर डायनासोर संपले त्या सुमाराचे किंवा थोडे नंतरचे आहेत.

म्हणून साताऱ्याच्या काळ्या दगडात डायनासोरचं हाड शोधू नका. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही, ते टिकतं नदी-तळ्याच्या गाळात. असे गाळाचे थर लाव्हाच्या खाली आणि कडेकडेने उघडे पडलेत ते चंद्रपूरकडे, जबलपूरला, गुजरातेत. तिथे जे सापडलं तेच आपल्या किल्ल्याचे रहिवासी.

पात्रं

राजासॉरस हा आपला शिकारी. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओली गावात त्याची हाडं मिळाली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. लांबी साडेसहा ते नऊ मीटरच्या दरम्यान धरतात. अंगाने दणकट, कपाळावर एकच बुटकं, गोलसर शिंग.

इसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी. याचा सांगाडा आपल्या महाराष्ट्रातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. लांबी अठरा मीटरच्या आसपास. पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ शेपटीकडे उतरती. डोकं आणि मागचे पाय मात्र सापडले नाहीत. हौशी माणसाला याहून मोठी मोकळीक कुठे मिळणार?

तिसरं पात्र माझ्या सगळ्यात आवडीचं: सनाजे नावाचा साडेतीन मीटरचा साप. गुजरातेतल्या ढोली डुंगरी इथे १९८० च्या दशकात धनंजय मोहबे यांना डायनासोरची अंडी आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू असलेला दगड मिळाला. त्याच दगडात अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप आहे हे पुढे २००१ मध्ये लक्षात आलं आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. घरट्यात शिरलेला साप, फुटलेलं अंडं, अर्ध्या मीटरचं पिल्लू. गोष्टीचा प्रसंग आयता मांडून ठेवलेला आहे, आपण फक्त त्याचा देखावा करायचा.

माप

प्रमाण एकच ठेवा, १:४०. चांगल्या कंपन्यांची बरीच खेळणी याच मापाच्या आसपास असतात, आणि हिशेब सोपा पडतो: खऱ्या प्राण्याच्या प्रत्येक मीटरला अडीच सेंटिमीटर. सात मीटरचा राजासॉरस साडेसतरा सेंटिमीटरचा, अठरा मीटरचा इसिसॉरस पंचेचाळीसचा, साप पावणेनऊचा. टी-रेक्स करायचा असता तर तीस लागले असते. खरेदीला जाताना खिशात टेप ठेवा आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वळणावळणाने मोजा. नुसतं डोळ्याने घेतलेलं माप हमखास चुकतं, कारण दुकानात सगळेच डायनासोर एकाच उंचीचे असतात.

या मापात साडेपाच फुटी माणूस चार सेंटिमीटरपेक्षा थोडासा मोठा येतो. दिवाळीच्या बाजारातल्या मातीच्या मावळ्यांत इतका छोटा मावळा मिळाला तर जपून ठेवा. प्राणी मांडताना तो शेजारी उभा केला की राजासॉरस किती मोठा होता ते एका नजरेत कळतं. मांडामांड झाली की मावळा उचलायचा, त्याची पाळी यायला अजून साडेसहा कोटी वर्षं आहेत.

खेळणं पारखताना

शेपटी बघा. जमिनीवर लोळणारी शेपटी आणि कांगारूसारखी उभी पाठ ही फार जुनी कल्पना. आता शेपटी हवेत, पाठ जवळजवळ आडवी असं मानतात. मांसाहारी प्राण्याचे तळवे एकमेकांकडे वळलेले हवेत, टाळी वाजवण्याच्या बेतात असल्यासारखे. टेबलावर थाप मारायला निघालेले नकोत. टी-रेक्सच्या हाताला दोनच बोटं. एवढं तपासलं तरी दुकानदार तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

पोकळ, हलक्या प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पंधरा प्राण्यांत एखादाच कामाचा निघतो. भरीव रबरी प्राण्यांना रंग चांगला बसतो. बटण दाबल्यावर ओरडणारे टाळा. त्यांच्या पोटात बॅटरीचा डबा असल्याने अंग ढोल्यासारखं असतं आणि आवाजाने घर वैतागतं. लहान मूल हाताळणार असेल तर आयएसआय खूण बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर पुढे येणारे साप, अंडी, पिल्लं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी सोय आधी करा.

पिशवीत राहून पाय वाकलेला प्राणी फेकू नका. कढत पाण्यात मिनिटभर पाय बुडवा, मऊ झाला की सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला. पाणी चहाइतकं कढत हवं, म्हणून हे काम मोठ्या माणसाने करायचं.

राजासॉरस घडवणे

राजासॉरसचं खेळणं गल्लीतल्या दुकानात मिळेल या आशेवर राहू नका. त्याच्या कुळातला अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस मात्र सहज मिळतो: डोळ्यांवर दोन शिंगं, हात अगदीच नावाला. त्याचाच राजासॉरस करायचा.

खेळणं भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर तेलकटपणावर काहीच चिकटत नाही. दोन्ही शिंगं कटरने मुळापासून कापा. पातं नवं घ्या आणि आपल्यापासून लांब ओढा. कापलेली जागा पॉलिश पेपरने घासा, म्हणजे पकड मिळते. हार्डवेअरच्या दुकानातून एम-सीलचं छोटं पाकीट आणा आणि दोन्ही वड्या रंग एकजीव होईपर्यंत मळा. वाटाण्याएवढा गोळा घेऊन कपाळाच्या मधोमध बसवा. टोक काढू नका, टेंगळासारखा उंचवटाच ठेवा. बोट पाण्यात बुडवून कडा खाली दाबत न्या, म्हणजे सांधा दिसत नाही. कडक होण्याआधी टूथपिकने बारीक टोचे मारून आजूबाजूच्या कातडीसारखा खरबरीतपणा आणा. एकदा मळलं की हाताशी अर्धा तासही नसतो, म्हणून सगळं आधी मांडून बसा. उरलेल्या एम-सीलमधून मान आणि मांड्या थोड्या भरा, कारण राजासॉरस कार्नोटॉरसपेक्षा ठेंगणा-ठुसका होता. आणि त्याच गोळ्यातून साप: नऊ सेंटिमीटर तारेवर पातळ थर चढवा, तळहाताखाली वळा आणि ओला असतानाच वेटोळं घाला.

इसिसॉरससाठी लांब मानेचा कुठलाही भरीव प्राणी चालेल. पुढच्या पावलांखाली एम-सीलचा थर देऊन तो पुढून थोडा उचला, की पाठीचा उतार आपोआप येतो.

रंगाला स्प्रे वापरायचा मोह होतो. मऊ रबरी खेळण्यावर तो वापरू नका. बऱ्याच स्प्रेंचा थर असल्या प्लॅस्टिकवर महिनोन्महिने चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. ब्रशने लावायचे ॲक्रेलिक रंग घ्या, पातळ दोन-तीन हात द्या. रंग कोणता? राजासॉरसच्या कातडीचा रंग कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा आपल्याकडचे प्राणी बघून ठरवा. मी शिकाऱ्याला घोरपडीचे रंग देतो, मळकट तपकिरी अंगावर पिवळसर ठिपक्यांच्या ओळी. इसिसॉरसला कोयनेच्या जंगलातल्या गव्याचे: अंग काळपट, पाय गुडघ्याखाली पांढुरके. पोपटी हिरवा तेवढा डबीतच राहू द्या.

मूळ रंग वाळला की गडद तपकिरी रंगात पाच-सहा पट पाणी घालून तो अंगभर सोडा आणि वरचेवर फडक्याने टिपून घ्या. रंग सुरकुत्यांत उतरतो आणि कातडी एकदम जिवंत होते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून, कागदावर पुसून, फिकट रंग उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. खेळणं आणि प्राणी यांतला फरक या दोन पायऱ्यांत आहे, घाई इथे करू नका. डोळ्यावर शेवटी पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब.

किल्ला

दोन फूट बाय तीन फुटांची बारा एमएम प्लायची फळी घ्या. याहून मोठी घेतलीत तर दारातून नेता येत नाही आणि कपाटावरही मावत नाही. अंगणात चार दिवसांचाच देखावा करायचा असेल तर नेहमीची रीत आहेच: विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर हळीव. कायमचा हवा असेल तर मातीचं वजन नको, पुठ्ठा वापरा.

मागच्या बाजूला डोंगर. पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचायचे, प्रत्येक वरचा थर दोन-तीन बोटं आत. माथा सपाट. म्हणजे यवतेश्वरकडे बघून जसं दिसतं तसंच. कंदी पेढ्यांचे रिकामे खोके यासाठी बरे पडतात, कडा सरळ असतात. त्यावर फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, तीन थर. एकेक थर वाळू द्या. मधल्या एका पायरीवर गेरूची पातळ रेघ ओढा. घाटरस्त्याला डोंगर कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसतो, तोच हा. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये बराच काळ शांततेत गेला की वरचा दगड कुजून अशी माती होते. या शांततेच्या काळातच आपली गोष्ट घडते.

(प्रमाणाचा हिशेब इथे सोडून द्यायचा. खरा थर दहा-वीस मीटर जाड, म्हणजे १:४० मध्ये एकेक पायरी हातभर होईल. अंगणातला रायगड तरी कुठे मापात असतो?)

जमिनीसाठी बांधकामावरची खडी आणि कच आणा; आपल्याकडची खडी बहुधा याच काळ्या दगडाची असते. गव्हाच्या चाळणीने कच चाळून तीन जाडीचे ढीग करा. मोठे तुकडे कड्याच्या पायथ्याशी, बारीक पुढे. सगळं मनासारखं मांडून झालं की पातळ फेविकॉलमध्ये साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबणाने ते खाली झिरपतं, वर चकाकत नाही. कासच्या पठारावरून किंवा कुठल्याही गडावरून दगड-माती आणू नका. खडीचा ढीग कुठे ना कुठे असतोच.

ज्वालामुखी म्हणून टोकदार सुळका करून त्यात खायचा सोडा ओतायची शाळेतली सवय असते. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, सुळक्यातून नव्हे. फळीच्या एका कडेला पुठ्ठ्यात वेडीवाकडी भेग कापा, खालून दिवाळीच्या लाल-पिवळ्या एलईडी माळेचे चार दिवे सरकवा आणि वरून ग्लूगनचा पारदर्शक गोंद सोडा. कडेला काळ्या रंगाचे पोपडे. दिवे लावले की गोंद आतून तापल्यासारखा दिसतो. माळ बॅटरीवरची घ्या. पुठ्ठ्याखाली घरातली वीज नको.

झाडं

डायनासोरच्या देखाव्यात गवत दाखवू नये, असं पूर्वी सांगत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याने ते बदललं. तिथे सापडलेल्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण मिळाले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि गवताचा इतिहास डायनासोरांच्या काळापर्यंत मागे गेला. म्हणजे आपल्या किल्ल्यावरचं हळीव विज्ञानात बसतं! फक्त हिरवळ करू नका. त्या विष्ठेत ताड आणि सूचिपर्णी झाडांचेही अंश होते, गवत हा जेवणातला एक पदार्थ होता. पाण्याकाठी चार-पाच पुंजके पुरे.

कायमच्या देखाव्यात हळीव टिकत नाही. तिथे तागाच्या सुतळीचे बोटभर तुकडे पिंजून, हिरवट रंगात बुडवून, पुंजक्यांनी उभे चिकटवा. झुडपांसाठी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल घ्या. कडा कुरळ्या, रंग राखाडी-करडा, काही न करता बसतं. सूचिपर्णी झाडाला मोरपंखीची डहाळी, पण ती वाळून तपकिरी होते, अधूनमधून बदलावी लागते. तळं म्हणजे निळा रंग नव्हे. तळ मातकट रंगवा आणि वर फेविकॉलचे पातळ थर एकावर एक वाळवा, गढूळ पाणी तयार.

आता घरटं. या लांब मानेच्या डायनासोरांची अंडी गोल, पंधरा-वीस सेंटिमीटर व्यासाची असत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, ते संशोधन २०२३ चं. १:४० मध्ये अंडं चार-पाच मिलिमीटरचं होतं, म्हणजे बरोबर मोठा साबुदाणा. भिजवायचा नाही, कोराच घ्यायचा. प्रत्येक दाण्याला फेविकॉलचा हात देऊन मळकट पांढरा रंग लावा, उथळ खळग्यात सहा-सात दाणे अर्धे मातीत दाबा. एक दाणा सुरीने फोडून तिथे सव्वा सेंटिमीटरचं एम-सीलचं पिल्लू आणि भोवती आपला साप. देखावा बघायला येणारा प्रत्येक जण आधी राजासॉरसकडे बघतो आणि मग वाकून इथेच थांबतो.

सिनेमा बघताना

जग तयार झालं की सिनेमे नव्याने बघा. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’च्या नावात जुरासिक असलं तरी त्यातला टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, व्हेलोसिरॅप्टर हे क्रिटेशसचे. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट दोन मीटरचा, आपल्या मापात पाच सेंटिमीटर, आणि पिसांचा. २००७ मध्ये त्याच्या हातावर पिसं रुतलेल्या जागांच्या खुणा दाखवल्या गेल्या. एवढे दोष काढून झाले की ते बाजूला ठेवा, कारण सिनेमा शिकवतो ते दुसरंच. दोन तासांहून मोठ्या त्या सिनेमात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटं दिसतात. बाकी वेळ ग्लासातलं पाणी थरथरतं, कुंपण हलतं, माणसं एकीकडे बघत राहतात. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा, वाघाचा आणि मगरीचा आवाज मिसळला होता. एखादा प्रसंग आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. भीती कुठे आहे ते कळेल.

मोबाइल-संगणकावरच्या गेमबद्दल फार सांगत नाही. पार्क चालवायचे, जंगलात तग धरायचे असे पुष्कळ आहेत आणि ते वेळ खातात. सगळ्यात प्रामाणिक डायनासोर गेम २०१४ पासून क्रोम ब्राउझरमध्ये आहे. बामणोलीकडे रेंज गेली की तोच धावून येतो.

फळीवरचा खेळ

मोठी खेळणी हलवली की झाडं मोडतात, म्हणून खेळात त्यांच्या जागी चिंचोके घ्या: तीन साधे म्हणजे इसिसॉरसचा कळप, एक लाल रंगवलेला राजासॉरस. अंतर काडेपेटीच्या काडीने मोजायचं. कळप लाव्हाच्या भेगेपाशी, राजासॉरस तळ्यापाशी. दोन फासे एकदम टाकायचे. मोठा आकडा राजासॉरसचा, लहान आकडा कळपाचा. राजासॉरस तितक्या काड्या चालतो. कळपवाला तिघांपैकी एकालाच हलवू शकतो, किंवा कुणालाच नाही. सोबत्यापासून दोन काड्यांच्या आत असलेल्या इसिसॉरसला राजासॉरस हात लावू शकत नाही, एकटा सापडला तर खातो. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला की लाल लोकरीचा धागा, म्हणजे लाव्हा, दोन काड्या पुढे सरकतो आणि मागे राहिलेला संपतो. दोघे तळ्यावर पोचले तर कळप जिंकला, दोघे गेले तर हरला.

थांबावं तर मागून लाव्हा, निघावं तर एकटा पडणार. सगळी मजा या पेचात आहे. घरातल्या सगळ्यात छोट्या गड्याला साप द्या. तो दर डावाला एकच काडी सरकतो, घरट्याच्या दोन काड्यांत कळपातलं कुणी नसेल तर एक अंडं गिळतो, तीन अंडी गिळली की तोच जिंकला. मोठे एकमेकांना अडवत बसतात आणि साप गुपचूप जिंकतो, असं बऱ्याचदा होतं.

गोष्ट लिहायची असेल तर झालेला डावच लिहून काढा. कुठला इसिसॉरस मागे राहिला, का राहिला, राजासॉरस कुठल्या बाजूने आला, हे सगळं फाशांनी ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त वास, उष्णता, राखेने गढुळलेलं पाणी भरायचं. माणूस आणू नका, कालयंत्रही नको. आणि शिकारी पहिल्या पानावर दाखवू नका. आधी झुडूप हलू द्या.

पावसाळ्याआधी

साताऱ्याचा पाऊस पुठ्ठ्याला आणि फेविकॉलला मानवत नाही, बुरशी धरते. मे संपता संपता फळी भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, मागून हवा खेळली पाहिजे. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, ओल आतच राहते. जुन्या सुती साडीने झाका. उन्हात ठेवाल तर ॲक्रेलिक फिकं पडतं आणि रबर चिकट होतं. धूळ झटकायला रंगाचा मऊ, रुंद ब्रश, फडकं नव्हे. फडक्यात दगडफूल अडकून निघून येतं. साबुदाण्यावरचा रंग कुठे उडालाय का ते महिन्यातून एकदा बघा, कारण एका दाण्याचा पत्ता लागला की मुंग्या रातोरात सगळं घरटं रिकामं करतात. घरट्यात पाव चमचा बोरिक पावडर मातीखाली पसरून ठेवली की बहुतेक भागतं, पण मूल किंवा मांजर फळीशी खेळणार असेल तर पावडर नको. साबुदाण्याऐवजी एम-सीलच्या गोळ्या वळा.